गावच्या देवळाची वर्गणी द्यावी का? (आणि वाईट काळात माणसं जास्तच कोरडी होत चाललीत का?)

पडवीतला · रविवार रात्री १०.४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, लांबलाय त्याबद्दल आधीच सॉरी.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, मी डोंबिवलीला. परवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला की ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार काढलाय, मुंबईकरांनी घरटी ११ हजार द्यायचे, आमच्या वाडीचा हिशोब माझ्या चुलतभावाकडे. पैशाचं म्हणाल तर ११ हजार आज जमतात, तो प्रश्न नाही, पण मेसेज वाचला आणि हातच पुढे होईना.

मे २०२० ची गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीत पेशंट निघायला लागले, वन रूम किचनमध्ये आम्ही पाच माणसं, बाबांना दमा, मुलगी चार वर्षांची. कसाबसा ई-पास काढला, गाडीवाल्याने दुप्पट घेतले, कशेडीच्या चेकपोस्टला तीन तास गेले आणि रात्री अकराला गावाच्या फाट्यावर पोचलो तर रस्त्यात आंब्याची फांदी तोडून टाकलेली, वर काट्या, आणि पलीकडे सात-आठ जण तोंडाला पंचे बांधून उभे. त्यात हा चुलतभाऊ. शिमग्यात एका पालखीला खांदा दिलेली माणसं आम्ही, देव्हारा एक, आडनाव एक. तर तो टॉर्च माझ्या तोंडावर मारून म्हणतो, पास दाखव.

मग शाळेत चौदा दिवस. आता क्वारंटाइनला माझी तक्रार नाही, नियमच होता. पण विहिरीवर यायचं नाही, हंडा बांधाच्या अलीकडे ठेवणार आणि ते लांब गेले की आम्ही उचलायचा. कुणी बोलायचं नाही. मुलीने हाक मारली की लोक मान खाली घालून जायचे. आमचं घर शाळेच्या पायरीवरून दिसतं, बाबा रोज संध्याकाळी त्या पायरीवर बसून घराकडे बघत बसायचे. घर बंद, किल्ली खिशात, आणि माणूस शाळेत. फक्त एक म्हातारी काकी, तीही सख्खी नाही, रात्री कुणी नसताना गडग्यावर डबा ठेवून जायची, कुळथाची पिठी आणि भात. "गरम हाय तवर खावा" एवढंच अंधारातनं सांगायची.

बाबा २०२२ ला गेले, हार्टने. तेव्हा हीच सगळी माणसं टेम्पो करून डोंबिवलीला आली, कार्य गावाला केलं ते सगळं त्याच चुलतभावाने बघितलं, अगदी पत्रावळीपासून. मी आभार पण मानले. तरी ती टॉर्च डोळ्यासमोरून जात नाही.

तर प्रश्न असा की वाईट काळ आला की माणसाचं खरं रूप दिसतं असं म्हणतात ते खरं का, की काळच तसं करतो? आणि हे वाढत चाललंय का? ऑफिसात पण बघतो, गेल्या वर्षी माणसं कमी केली तर ज्यांच्याबरोबर रोज डबा खाल्ला ते लिफ्टमध्ये मोबाईलात डोकं घालून उभे. बायको म्हणते तू धरून बसतोस. आई म्हणते दे आणि मोकळा हो. तुम्ही काय केलं असतं?

रोखठोक_ठाणेकर · रविवार रात्री ११.०५

देऊ नका. सिंपल. त्यांना मुंबईकर वर्गणीपुरते आठवतात. माणुसकी वगैरे संपली राव, आता जो तो आपापलं बघतो आणि तुम्हीच कशाला मूर्खासारखं चांगलं वागायचं.

कौलारू · सोमवार सकाळी ७.३०

पडवीतला, तुम्हाला राग येईल, पण फांदी टाकणाऱ्यांतला मी एक आहे. तुमच्या गावात नाही, इकडे मंडणगड तालुक्यात.

आमची बाजू ऐका एकदा. वाडीत घरं चाळीस, त्यातली पंधरा बारा महिने कुलपात, उरलेल्यांत साठीच्या वरची माणसं निम्मी. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर एक. रत्नागिरीचं सिव्हिल म्हणजे गाडीने चार तास. सुरुवातीला स्वॅब घेतला की तो मिरजेला जायचा, रिपोर्ट येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला नाहीतर सगळ्या वाडीत फिरून आलेला. लस नावाची गोष्ट नव्हती तेव्हा. आणि टीव्हीवर चोवीस तास मुंबई, मुंबई, मुंबई. आम्ही तुम्हाला नाही घाबरलो, आम्ही आमच्या घरातल्या खोकणाऱ्या म्हातारीला घाबरलो. काही चाकरमानी तर रात्री रानातनं पायवाटेने येऊन घरात शिरले होते हेही तितकंच खरं, ते कुणी लिहीत नाही.

पुढचं सांगतो. ३ जूनला निसर्ग आलं. वादळ श्रीवर्धनच्या बाजूला लागलं आणि आम्हाला पण झोडपून गेलं. शाळेत आमचे बारा चाकरमानी क्वारंटाइनमध्ये, दुपारी शाळेचे पत्रे उडाले. आता काय करणार? चौदा दिवस मोजत बसणार? घेतलं घरात. माझ्या माळ्यावर चौघं झोपले, मास्क नाही न काही नाही, ओल्या कपड्यात. दुसऱ्या दिवशी हीच पोरं अख्ख्या वाडीच्या घरांवर चढून कौलं लावत होती, पोफळी आडव्या झालेल्या त्या बाजूला करत होती. वीज कित्येक आठवडे नव्हती, तर त्यातल्या एकाने मुंबईहून इन्व्हर्टरची बॅटरी मागवली आणि सगळ्यांचे मोबाईल चार्ज करून द्यायचा. कुणाला काही झालं नाही हे आमचं नशीब, शहाणपण नव्हे.

म्हणजे ३० मे ला आम्ही राक्षस आणि ४ जूनला देवमाणसं झालो का? माणसं तीच होती हो.

पण एक कबूल करतो. रस्ता अडवला ते मी आजही चूक म्हणणार नाही. हंडा लांब ठेवला तेही ठीक. बोलणं बंद केलं ते चुकलं. वीस फुटांवरून पोरीला ओ द्यायला काय लागत होतं? त्याला कुठला जीआर नव्हता.

मिठीकाठची · सोमवार दुपारी १.१८

कौलारूंचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी मुंबईची, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

२६ जुलै २००५ ला मी अंधेरी एमआयडीसीत कामाला, नोकरी लागून दोन महिने झालेले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आपण आता पाठ म्हणतो, तेव्हा एवढंच कळत होतं की कमरेपर्यंत पाणी आहे आणि फोन लागत नाही. घर घाटकोपरला. ऑफिसातल्या आम्ही तिघी एकमेकींचा हात धरून निघालो, साकीनाक्याच्या अलीकडे अंधार पडला, पुढे जाता येईना. एका चाळीतल्या बाईने हाताला धरून आत ओढलं. तिच्याच घरात घोट्याएवढं पाणी, पलंगावर तिची तीन मुलं, आधीच आणलेल्या आणखी तिघी अनोळखी, आणि आम्ही. तिचा नवरा कामावरून यायचा होता, त्याचा पत्ता नव्हता, आणि ती बाई स्टोव्ह पाटावर ठेवून आम्हाला कोरा चहा करत होती. तिने मला तिचा गाऊन दिला बदलायला. सकाळी आम्ही गेलो. मी तिचं नाव विचारलं नाही. वीस वर्षं हे मला खटकतंय.

आता २०२०. आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर भाड्याने एक मुलगी राहायची, नर्स, कोविड वॉर्डला ड्युटी. झूमवर मीटिंग झाली आणि ठरलं की तिने लिफ्ट वापरू नये, आणि शक्यतो दुसरीकडे सोय बघावी. बारा तास पीपीई किट घालून आलेली मुलगी सात मजले चढून जायची. ज्यांनी मुद्दा मांडला ते काका २००५ ला रात्रभर रस्त्यात उभं राहून बिस्किटं वाटणाऱ्यांतले, आणि ते खोटं नाहीये, मी ओळखते त्यांना. आणि त्या मीटिंगमध्ये मी पण होते, म्यूटवर.

मला एवढंच कळलंय की पुरात शेजारी आपल्या बाजूला उभा असतो, कोविडमध्ये शेजारीच पूर झाला होता. ती मुलगी दीड महिन्याने सोडून गेली. वर्गणीचं मला कळत नाही, पण त्या डबेवाल्या काकींना काहीतरी घेऊन जा बाबा.

आकडेमोड · सोमवार दुपारी ३.५०

भावनांना मान देऊन एक वेगळा मुद्दा. "माणसं पूर्वीपेक्षा वाईट झाली" हे वाटणं फार जुनं आहे. २०२३ मध्ये नेचर या नियतकालिकात दोन मानसशास्त्रज्ञांचा पेपर आला होता, त्यांनी साठेक देशांतले सत्तर वर्षांचे सर्व्हे चाळले. प्रत्येक पिढीत बहुतेक लोक म्हणतात की नीतिमत्ता घसरत चाललीय. पण त्याच लोकांना "काल तुमच्याशी कोण चांगलं वागलं, तुम्ही कुणाला मदत केली" असं विचारलं की उत्तरं वर्षानुवर्षं जवळपास सारखीच येतात. आणि वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट बघा, कोविडच्या काळात अनोळखी माणसाला मदत करणं, दान, स्वयंसेवा हे तिन्ही जगभरात वाढलं, आधीच्या तुलनेत साधारण २५ टक्के जास्त. तेव्हा घसरण वगैरे काही नाही, आपल्याला वाईट तेवढं लक्षात राहतं.

पडवीतला · सोमवार संध्याकाळी ६.१२

@आकडेमोड असेल हो, पण त्या २५ टक्क्यांतलं आमच्या शाळेच्या पायरीपर्यंत काही आलं नाही. आणि अनोळखी माणसाला मदत वाढली म्हणताय, माझी तक्रार ओळखीच्यांची आहे.

@मिठीकाठची, म्यूटवर होते हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. कुणी लिहीत नाही.

@कौलारू तुमच्यावर राग नाही. शेवटचा पॅरा तीनदा वाचला.

चला_पुढे · सोमवार संध्याकाळी ७.४०

हे सगळं सरकारने लोकांना घाबरवल्यामुळे झालं. अमुक पक्ष असता तर (पुढचा मजकूर संपादित)

मिठीकाठची · सोमवार संध्याकाळी ७.५५

आलात का! त्यासाठी वेगळा धागा काढा दादा, इथे देवळाची वर्गणी चाललीय.

मास्तर_करमाळा · सोमवार रात्री ९.३०

वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो, सकाळपासून थोडं थोडं लिहितोय.

पूर्वीची माणसं फार मायाळू होती असं जे धाग्यात येतंय त्यावर. ७२ च्या दुष्काळात मी नववीत होतो. शाळा सुटली की आई-वडिलांच्या बरोबर खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला. पुढे रोजगार हमी म्हणून कायदा झाला त्याची सुरुवात आमच्या डोळ्यासमोरची. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनला मिलो, ती लाल ज्वारी परदेशातनं आलेली, भाकरी थापताना कडेने तुटायची आणि खाताना घशाला घासायची. तुम्ही पुस्तकात वाचाल की त्या काळात गाव एक झालं. झालं, कामावर झालं. एका घमेल्याला चार हात लागायचे, गरोदर बाईला झाडाखाली बसवून तिच्या वाटची खडी बाकीच्या फोडायच्या, मुकादमाला कळू न देता. हे मी पाहिलंय.

आणि हेही पाहिलंय. एक दिवस माझा मामा आला, आईचा सख्खा भाऊ, आठ-दहा मैल चालत. आई पीठ मळत होती. तिने दारातनं भावाला येताना बघितलं आणि पिठावर परात पालथी घातली. घरात आम्ही पाच पोरं, पीठ तेवढंच. मामाने ते बघितलं, मी मामाला बघताना बघितलं. तो पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला, आणि उन्हात परत गेला. भावाला न जेवता लावणारी बाई नव्हती हो माझी आई, त्याच्या आधीही नव्हती आणि नंतरही नव्हती. पुढे तीस वर्षं मामा दर दिवाळीला आला, परातीचं कुणी कधी काढलं नाही. आई शेवटच्या दुखण्यात एकदाच मला म्हणाली, तुझ्या मामाला त्या दिवशी भूक लागली होती रे. बस.

प्लेगचं आजी सांगायची. उंदीर पडला की घर सोडायचं, गावच्या गाव माळावर झोपड्या घालून राहायचं, परगावच्या माणसाला वेशीच्या आत घ्यायचं नाही. गाठ आलेल्या माणसाजवळ सख्खे जात नसत. तुमच्या फाट्यावरची फांदी काय नवी नाही. १८९७ ला पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला, आणि त्यातच त्यांना लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. ते आपण सव्वाशे वर्षं सांगतोय. सगळेच तसं करत असते तर सांगायला कशाला लागलं असतं?

फरक एकच दिसतो मला. पूर, भूकंप हे चार दिवसाचं असतं, माणूस चार दिवस स्वतःपेक्षा मोठा होऊ शकतो. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्याकडनं भाकरीचे ट्रक गेले, घराघरातनं गोळा केलेल्या, कुणी मोजल्या नाहीत. पण दुष्काळ वर्षभर चालतो. वर्षभर मोठं राहणं जमत नाही. सध्याची महागाई, पोरांना नोकऱ्या नाहीत, हे दुष्काळाच्या जातीचं आहे, भूकंपाच्या नाही. तुमच्या लिफ्टमधल्या लोकांची परात पालथी आहे असं समजा.

दारोदार · मंगळवार सकाळी ६.५०

मास्तर 🙏

मी आशा सेविका आहे, नगर जिल्ह्यात. नवीन नगर म्हणजे अहिल्यानगर, सवय नाही अजून. जास्त लिहीत नाही, सातला निघायचंय.

२२ मार्चला सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या, आमच्या गल्लीत तर एकाने ढोल काढला. एप्रिलमध्ये मी नळावर गेले की माझ्या पुढचे मागचे हंडे सरकायचे. सप्टेंबरात माझे कुटुंब माझी जबाबदारी सुरू झालं, ऑक्सिमीटर आणि ती टेंपरेचरची गन घेऊन घरोघर, एकाने कुत्रं सोडलं, एक बाई दार न उघडता आतूनच म्हणाली आमच्यात सगळे ९९ आहेत लिहून टाक. आणि तीच बाई रात्री दहाला मागच्या दाराने, ताई गोळ्या आहेत का गं, यांना वास येत नाहीये, कुणाला सांगू नको.

मला तेव्हा फार राग यायचा. आता येत नाही, कंटाळा येतो.

पण एक सांगते जे कुणी सांगणार नाही. आमच्या चौकातला किराणावाला. एरवी महाखडूस, सुट्टे एक रुपया सोडणार नाही, चॉकलेट देतो त्याबदल्यात. त्याने त्या वर्षी एकाची उधारी थांबवली नाही. वही भरली की नवीन वही. कुणाचे सेंटरिंगचे काम बंद, कुणाची हॉटेलातली नोकरी गेलेली, तेल-साखर-डाळ लिहून घेतली आणि दिली. किती जणांनी फेडले मला माहीत नाही. ज्यांनी पोह्याची पाकिटं वाटताना फोटो काढले त्यांना कोविड योद्धा म्हणून सर्टिफिकेट मिळालं, त्याला काही नाही. त्याला विचारलं तर म्हणतो गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून दिलं. असेल. मला नाही वाटत.

कृष्णाकाठ५७ · मंगळवार दुपारी १२.२५

सांगलीकर बोलतोय. नावातला आकडा म्हणजे २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी गेलेलं ते फूट.

पुरात माणसं लई चांगली होतात हे जे चाललंय त्यात थोडं मीठ टाकतो. खरंय, चांगली होतात. ब्रह्मनाळची बोट उलटली ८ ऑगस्टला, ते ऐकून सुद्धा लोकं परत बोटी घेऊन पाण्यात उतरत होती, त्याला काय म्हणणार. पण नंतरची मदत बघितली का कुणी? हायवेला लागून असलेल्या गावांत एवढे ट्रक की ब्रेडला बुरशी आली, जुन्या साड्यांचा ढीग रस्त्याकडेला भिजत पडलेला, फाटक्या जीन्स, एका गाठोड्यात तर लग्नातला शेरवानी निघाला. आणि आत तीन किलोमीटरवरच्या गावात प्यायला पाणी नाही. कारण ट्रकवाल्याला पण फोटो काढून अंधार पडायच्या आत परत जायचं होतं. ट्रक अडवून माल उतरवून घेणारी पण आमचीच पोरं, खोटं कशाला बोलू. दया होती, भरपूर होती, पण ज्याला पाहिजे त्याच्यापर्यंत जायला तिला पत्ता नव्हता.

२०२१ ला चिपळूण बुडालं, २२ जुलैला. आमच्याकडं पण तेव्हा पाणी आलेलंच पण आमच्या गल्लीत शिरलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहाजण टेम्पो घेऊन गेलो, टेम्पोत खोरी, घमेली, पाण्याचा प्रेशर पंप, ब्लीचिंग पावडर आणि गमबूट. बिस्किटाचा एक पुडा न्यायचा नाही असं ठरवून. कारण आम्हाला अनुभव होता ना, की पूर ओसरल्यावर माणसाला बिस्किट नको असतं, चिखल काढायला दोन हात पाहिजे असतात आणि कुणीतरी शेजारी उभं पाहिजे असतं कारण स्वतःचं दुकान बघून रडायला येतं. बाजारपेठेत एका कापडवाल्याचं दुकान काढलं आम्ही दोन दिवस, लग्नसराईचा सगळा माल चिखलात. तो माणूस एक शब्द बोलला नाही, तिसऱ्या दिवशी निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक रुमाल दिला, त्यातल्या त्यात कोरडा बघून.

म्हणून मला वाटतं की ज्यानं भोगलंय त्याला जास्त कळतं, पण मास्तरांनी लिहिलंय ते वाचून त्यावर पण खात्री राहिली नाही.

पडवीतला भावा, तुमचा चुलतभाऊ चिपळूणच्या पुरात कुठं होता?

पडवीतला · मंगळवार रात्री ११.२०

@कृष्णाकाठ५७ दुपारी तुमचा प्रश्न वाचला आणि फोन खाली ठेवला. उत्तर द्यायचं नव्हतं खरं तर.

त्याचं चिपळूणला दुकान आहे, मोबाईल रिपेअरचं, बाजारातच. २२ जुलैला सगळं गेलं. लोकांचे रिपेअरला आलेले फोन पण गेले, ते त्याला पुढे भरून द्यावे लागले. त्याचा मला पहाटे फोन आला होता, त्या आधी वर्षभर आम्ही धड बोललो नव्हतो. मी दुसऱ्या दिवशी पाच हजार गुगल पे केले. आणि गेलो नाही. जाऊ शकलो असतो, वर्क फ्रॉम होम होतं, लसीचे दोन डोस झालेले होते, शुक्रवार रविवार धरून चार दिवस सहज निघाले असते. बायकोने विचारलं पण होतं, जाताय का. मी म्हटलं रस्ते बंद आहेत. एक-दोन दिवस होतेही बंद. नंतर नव्हते.

मुद्दाम नाही गेलो. शाळेची पायरी डोक्यात होती. हे मी धाग्यात वरती लिहिलं नाही, विसरलो म्हणून नाही.

आणि त्याने कधी काढलं नाही. बाबांच्या कार्याला पत्रावळीपासून सगळं केलं तेव्हा पुराला दहा-अकरा महिने झाले होते, दुकान अजून अर्धंच उभं होतं. हे मी आज पहिल्यांदा जोडून बघितलं.

कौलारू · मंगळवार रात्री ११.४१

आता दोघांनी एकमेकांची फांदी उचला आणि काय. तो सुरुवात करणार नाही, कोकणी माणूस आहे. तुम्ही पण कोकणीच, म्हणजे अवघडच आहे.

रोखठोक_ठाणेकर · बुधवार सकाळी ८.१०

मी देऊ नका म्हटलेलं. मागे घेत नाही पण ११ हजार जास्तच आहेत, घासाघीस करा.

मास्तर_करमाळा · बुधवार सकाळी १०.०५

पडवीतला, बोलायलाच पाहिजे असं काही नाही. आमच्याकडे तीस वर्षं कुणी बोललं नाही आणि दिवाळी झाली. पण जा मात्र.

पडवीतला · बुधवार रात्री ९.१५

अपडेट देतो, म्हणजे धागा अर्धवट राहणार नाही.

आज आईला म्हटलं की ठरवलंय, देऊन टाकतो वर्गणी, तर ती शांतपणे भाजी निवडत म्हणाली मी भरली. कधी? मेसेज आला त्याच दिवशी, शेजारच्या मुलाकडून पाठवून घेतली तिने तिच्या पेन्शनमधून. तुझ्या बाबांच्या नावाने. मी इथे तीन दिवस धागा चालवतोय आणि पावती तिच्या फोनमध्ये पडलेली. पावतीवर चुलतभावाची सही आणि खाली त्याने पेनाने लिहिलंय, काकी गणपतीला या.

बाबांच्या नावात त्याने एक काना जास्त घातलाय. फरशीवर कोरायच्या आधी सांगायला फोन करावा लागणार. उद्या करतो.

मिठीकाठची · बुधवार रात्री ९.२८

उद्या नाही, आत्ता करा. आणि डबेवाल्या काकी आहेत ना अजून?

पडवीतला · बुधवार रात्री ९.४४

आहेत, ८१ च्या आहेत, कमी ऐकू येतं आता. लागला फोन. दुकानात होता, गिऱ्हाईक होतं, म्हणाला दहा मिनिटांनी करतो.

दारोदार · बुधवार रात्री १०.०२

गणपतीचं तिकीट काढलंत का पण? साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आता, दोन मिनिटांत वेटिंगला जातं म्हणे.

पडवीतला · बुधवार रात्री १०.०६

तेच बघतोय. थांबा, त्याचा फोन येतोय.